तान्हं बाळ आणि चार वर्षांचं लेकरू घेऊन परदेशी समुद्रकिनारी पहिल्यांदा जाताना: कामं कोणत्या क्रमानं करायची

गेल्या वर्षभरात ओळखीतल्या तीन घरांत एकच गोष्ट घडली. सेल लागला म्हणून रात्री विमानाची तिकिटं काढली, सकाळी हॉटेल बुक केलं, घरच्या ग्रुपवर समुद्राचे फोटो टाकले. मग लक्षात आलं की बाळाचा पासपोर्टच नाही. तो काढायला बसले तर जन्मदाखल्यावर नावाचा रकाना कोरा. एका घराचे तिकिटाचे पैसे बुडाले, दोघांनी तारखा बदलायचा दंड भरला.

खाली क्रम दिला आहे तो यासाठीच. आधी कागद, मग डॉक्टर, मग हंगाम आणि जागा, मग खोली, आणि तिकीट थेट पाचव्या नंबरला. उदाहरण श्रीलंकेच्या नैऋत्य किनाऱ्याचं घेतलं आहे, कारण छत्रपती संभाजीनगरहून आम्ही दहा महिन्यांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी घेऊन तिथंच गेलो होतो. मुंबईहून थेट विमानानं कोलंबो साधारण अडीच तासांवर आहे. तिथलं घड्याळ आणि आपलं घड्याळ एकच, त्यामुळे बाळाच्या झोपेची वेळ बिघडत नाही. तुम्ही थायलंडला किंवा मालदीवला निघाला असाल तरी क्रम हाच ठेवा.

## टप्पा १: कागद (निघण्याआधी चार महिने)

सुरुवात जन्मदाखल्यापासून करा, पासपोर्टच्या अर्जापासून नको. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या बाळासाठी पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, दुसरं काही चालत नाही. दाखला काढून पुढच्या गोष्टी नीट वाचा:

- बाळाचं नाव लिहिलेलं आहे का? बारशाआधी नोंद झाली असेल तर रकाना कोरा असतो. जन्म नोंदल्यापासून वर्षाच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क पडतं.
- आईचं नाव तिच्या पासपोर्टवर आहे तसंच आहे का? पासपोर्ट माहेरच्या नावानं आणि दाखला सासरच्या नावानं, हा घोळ आपल्याकडे घरोघरी सापडतो.
- इंग्रजी स्पेलिंग सगळ्या कागदांवर एकच आहे का?

आमच्या मुलीचा दाखला माझ्या माहेरचा. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे नोंद तिकडची. वडिलांच्या नावात एक अक्षर चुकलं होतं. ते बदलायला नोंद झाली त्याच कार्यालयात जावं लागलं, इथून काही होईना. दोन चकरा, एक प्रतिज्ञापत्र आणि पाच आठवडे त्यात गेले. तुमच्या लेकराचा जन्म दुसऱ्या गावचा असेल तर हे काम आजच काढा.

दाखला बरोबर असेल तर पासपोर्टचा अर्ज ऑनलाइन भरून जवळच्या सेवा केंद्राची किंवा पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घ्या. अर्जात एक रकाना आडनावाचा आणि एक नावाचा असतो. आपल्या पद्धतीप्रमाणे मुलाचं नाव आणि वडिलांचं नाव दोन्ही नावाच्या रकान्यात जातात, आडनाव वेगळं. दोन्ही पालकांच्या सह्यांचं परिशिष्ट डी भरून न्या. चार वर्षांखालच्या मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो आपणच न्यायचा असतो. स्टुडिओत बाळ रडत असेल तर घरीच पांढऱ्या चादरीवर पाठीवर झोपवा, खिडकीचा उजेड तोंडावर येऊ द्या आणि वरून फोटो घ्या. डोळे उघडे हवेत आणि कुणाचा हात फोटोत दिसायला नको. आम्हाला चाळिसाव्या फोटोत एक बरा मिळाला.

लहान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो. म्हणजे मोठ्या लेकराचा आधी काढलेला असेल तर त्याची मुदत बघा. श्रीलंकेत पोचता त्या दिवशी सगळ्यांच्या पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक हवी. त्यात आईबाबांचेही आले.

थांबा: घरातल्या प्रत्येकाचा पासपोर्ट हातात येईपर्यंत एक रुपयाही परत न मिळणाऱ्या बुकिंगमध्ये घालू नका.

श्रीलंकेला ईटीए नावाची ऑनलाइन प्रवास परवानगी लागते. तान्ह्या बाळाचीही वेगळी. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी आणि जास्त पैसे घेणारी पानं शोधात वरच येतात, म्हणून पत्ता दोनदा तपासा. शुल्क आणि सवलती बदलत राहतात, ते अर्जाच्या दिवशीच बघा.

## टप्पा २: बालरोगतज्ज्ञ (दोन महिने आधी)

निघायच्या आदल्या आठवड्यात डॉक्टरांकडे जाणं ही चूक मी सर्वांत जास्त पाहिली आहे. लस टोचल्यावर शरीराला तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर असतो, तो झालेला असावा. टायफॉइड आणि फ्लूच्या लसीबद्दल विचारा, त्या सहा महिन्यांनंतर देता येतात.

डॉक्टरांकडून दोन्ही मुलांची वजनं आणि वजनानुसार पॅरासिटामॉलचा डोस कागदावर लिहून घ्या. बाटलीवर किती मिलीग्रॅमचं सिरप आहे ते बघा, कारण १२० आणि २५० दोन्ही मिळतात आणि घाईत चमचा तोच धरला जातो. औषधं इथूनच न्या, चिठ्ठीसकट. प्रवास विमा घेताना बाळाचं वय पॉलिसीत बसतं का ते विचारा, कित्येक पॉलिसी काही महिन्यांच्या आतलं बाळ घेत नाहीत.

माझं मत स्पष्ट आहे: बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर ही सहल पुढे ढकला. त्या वयात सनस्क्रीन लावायचं नसतं, वरचं पाणी पाजायचं नसतं, आणि किनाऱ्यावर नेमकं ऊन आणि घामच असतो.

## टप्पा ३: हंगाम आणि जागा

मराठवाड्यात मे महिना भाजून काढतो, शाळेला सुट्टी असते, म्हणून सगळे मे महिन्यात समुद्र शोधतात. श्रीलंकेच्या नैऋत्य किनाऱ्यावर नेमकं तेव्हा मोसमी पावसाचं तोंड लागतं आणि समुद्र खवळतो. हॉटेल स्वस्त मिळतं, पण पाण्यात पाय घालता येत नाही. बेंटोटा, हिक्काडुवा, उनावटुना या भागासाठी डिसेंबर ते मार्च धरा. दिवाळीच्या सुट्टीतही तिकडे पाऊस असतो. बालवाडीतल्या मुलाचे सहा दिवस बुडाले तर काही बिघडत नाही, ही मोकळीक आत्ताच आहे, पहिलीत गेल्यावर नाही. मे ते सप्टेंबरमध्येच जाणं भाग असेल तर पूर्व किनाऱ्यावर पासिकुडा आहे. तिथं पाणी उथळ आणि शांत असतं, पण विमानतळापासून गाडीचा रस्ता फार लांबचा. तान्ह्या बाळाला घेऊन मी तो करणार नाही.

जागा एकच निवडा. पाच रात्रींत कँडी, नुवारा एलिया आणि किनारा असं कोंबू नका. दर दोन दिवसांनी सामान बांधायचं, नव्या पाळण्यात बाळ झोपवायचं, यात सगळा जीव जातो.

किनारा निवडताना लाटा अडवणारी रचना शोधा. उनावटुनाला अर्धगोल खाडी आहे. मातारजवळच्या पोल्हेनाला प्रवाळाची रांग लाटा अडवते, आत पाणी गुडघ्याएवढं राहतं. बेंटोटाचा किनारा लांब आणि मोकळा आहे, दिसायला फार सुंदर, पण पाण्याची ओढ जास्त. तिथं मुलांसाठी हॉटेलच्या तलावावर भिस्त ठेवावी लागते.

## टप्पा ४: खोली

फोटो बघून खोली घेऊ नका. हॉटेलला लिहून विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

खोलीपासून वाळूपर्यंत मध्ये काय लागतं, हा पहिला प्रश्न. कोलंबोहून गॉलकडे जाणारी रेल्वे आणि गॉल रोड दोन्ही कित्येक ठिकाणी समुद्राला चिकटून जातात. जाहिरातीत ‘किनाऱ्यापासून ५० मीटर’ असतं आणि त्या ५० मीटरमध्ये भरधाव बसचा रस्ता नाही तर रूळ असतात. कडेवर बाळ, हातात बादली-फावडं आणि पुढे पळणारं चार वर्षांचं पोर, असं चारदा रूळ ओलांडायचं नसतं.

पुढचे प्रश्न पटापट: तळमजला आहे का? तलावाला कुंपण आहे का? बाळाचा पाळणा आणि मच्छरदाणी देता का? खोलीत किटली आणि फ्रीज आहे का? विमानतळावरून येणाऱ्या गाडीत मुलांची सीट मिळेल का? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक वेळा ‘नाही’ येतं, मग घरची सीट सोबत न्या.

तपासा: पोचल्यावर सामान उघडायच्या आधी गुडघ्यावर बसून खोलीत एक फेरी मारा. बाळाच्या उंचीवरून काय दिसतं ते बघा. उघडा प्लग, काचेचं टेबल, गॅलरीच्या गजांतली फट, सरकतं दार. आमच्या खोलीत पलंगाखाली आधीच्या पाहुण्यांचं मच्छर अगरबत्तीचं वेटोळं पडलेलं होतं.

## टप्पा ५: तिकीट आणि मुंबईपर्यंतचा रस्ता

दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर जातं, दोन पूर्ण झाली की स्वतंत्र सीट लागते. सहलीतच दुसरा वाढदिवस येत असेल तर परतीला सीट घ्यावी लागेल. नावं पासपोर्टवर आहेत तशीच घाला, ‘चिकू’ किंवा ‘परी’ चालणार नाही.

आपल्या भागातून खरी अडचण विमानाची नसून विमानतळापर्यंतची आहे. चिकलठाण्याहून मुंबईला विमान आहे, पण दोन तिकिटं वेगवेगळी काढली आणि पहिलं उशिरा आलं तर दुसरं विमान थांबत नाही. रात्रीची देवगिरी पकडून सकाळी मुंबईत उतरायचं आणि त्याच दिवशी विमान धरायचं, हे एकट्या माणसाला जमतं. दोन लेकरांना सलग दोन प्रवास होत नाहीत. आदल्या दिवशी मुंबईत पोचा आणि विमानतळाजवळ रात्र काढा. नांदेडहून पहाटे निघणारी वंदे भारत परभणी, जालना, संभाजीनगर करत दुपारी मुंबईत पोचते, ती मुलांसाठी सोयीची आहे. सीएसएमटीपर्यंत जाऊ नका, ठाण्याला किंवा दादरला उतरा. आंतरराष्ट्रीय विमानं सहारच्या टर्मिनल २ वरून सुटतात.

समृद्धी महामार्गानं गाडी नेणार असाल तर दर दोन तासांनी थांबायचं ठरवूनच निघा. लातूर-नांदेडकरांनी हैदराबादचाही पर्याय तपासावा, अंतर बरंच कमी पडतं.

## टप्पा ६: बॅग

हातातली बॅग अशी भरा की मोठी बॅग दोन दिवस आलीच नाही तरी मुलांचं अडणार नाही. त्यात डायपर (प्रवासाच्या तासांएवढे आणि वर सहा), दोघांचे दोन-दोन कपडे, आईबाबांचा एकेक टी-शर्ट, औषधं, ओआरएसची पाकिटं, सगळे कागद आणि पॉवर बँक. पॉवर बँक मोठ्या बॅगेत चालत नाही. बाळाचं दूध आणि पेज-खिमट १०० मिलीच्या नियमातून वगळलं जातं, पण तपासणीला वेगळं काढून दाखवा. लोणच्याची बाटली हातातल्या बॅगेत नको.

खाण्याचं म्हणाल तर धपाटे आणि दशम्या पहिल्या दीड दिवसाला पुरतात. बाळासाठी भाजून दळलेलं मूग-तांदळाचं पीठ आणि नाचणीचं सत्त्व न्या, किटलीतल्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटांत होतं. भाकरी कुस्करून खाणाऱ्या बाळाला तिकडचा मऊ भात आणि परिप्पू, म्हणजे त्यांचं नारळाच्या दुधातलं मसुरीचं वरण, लगेच आवडतं. सांगताना ‘मिरिस एपा’ म्हणा, म्हणजे मिरची नको. सोबत माळकरी आजी असतील तर आणखी एक गोष्ट विचारावीच लागते: तिथं भाजीत आणि खोबऱ्याच्या चटणीतही सुक्या माशाचा चुरा घालतात, त्याला उंबलकड म्हणतात.

गल्फमार्गे किंवा सिंगापूरमार्गे जाणार असाल तर डिंकाच्या लाडवात खसखस नको. यूएई आणि सिंगापूरमध्ये ती बंदी असलेल्या मालात मोडते.

मोठ्या बॅगेत लांब बाह्यांचे पोहायचे कपडे, मानेवर झापड असलेल्या टोप्या, बाळाला सावली देणारा छोटा तंबू, ओल्या वाळूवर चालतील असे बूट आणि कॉर्नफ्लोअरची पुडी. पोहायच्या कपड्यांचा रंग भडक केशरी किंवा पोपटी घ्या. निळा आणि पांढरा पाण्यात दिसेनासा होतो. पोहण्याच्या डायपरमध्ये शी अडते, शू अडत नाही, त्यामुळे खोलीतून निघताना साधं डायपर आणि पाण्याजवळ गेल्यावर ते बदलायचं.

## टप्पा ७: विमानात

विमान उतरायला लागतं ते चाकं टेकायच्या वीस-तीस मिनिटं आधी, आणि कान तेव्हाच दुखतात. बाळाला तेव्हा अंगावर घ्या किंवा बाटली द्या. चढतानाच सगळं दूध पाजून झालं तर उतरताना काही उरत नाही. चार वर्षांच्या मुलीला आम्ही गोळी न देता स्ट्रॉनं पाणी दिलं, गोळी घशात अडकण्याची भीती राहते.

रात्री उशिरा उतरत असाल तर थेट किनाऱ्याकडे निघू नका. विमानतळ कटुनायकेला आहे, जवळच नेगोंबो. रात्र तिथं काढा आणि सकाळी खाऊन निघा. बेंटोटाला गाडीनं दोन-अडीच तास लागतात, उनावटुनाला त्याहून जास्त.

## टप्पा ८: समुद्र

आपल्या भागातली माणसं उन्हाबद्दल बेफिकीर असतात. ४२-४३ डिग्री पाहिलेल्याला ३१ डिग्री म्हणजे काहीच नाही असं वाटतं. फरक समजून घ्या. आपल्याकडची झळ कोरडी असते, ती आपल्याला घरात ढकलते. समुद्रावर वारा लागतो, अंग गार वाटतं आणि कातडी भाजत राहते. श्रीलंका विषुववृत्ताजवळ आहे, वाळू आणि पाणी दोन्हीकडून ऊन परत अंगावर येतं, ढगातूनही येतं. हवा दमट असल्यानं घाम वाळत नाही, बाळाचं अंग गार होत नाही आणि मानेच्या वळ्यांत घामोळं उठतं.

म्हणून दिवस असा लावा: पहाटे उठणारं बाळ घेऊन साडेसहा ते नऊ किनारा, नंतर आंघोळ, खाणं आणि पंख्याखाली झोप. दुपारी चारनंतर पुन्हा. तिथं सूर्य वर्षभर सव्वासहाच्या आसपास मावळतो आणि अंधार झपकन पडतो. आपल्या उन्हाळ्यातल्या संध्याकाळच्या हिशेबानं सातपर्यंत रेंगाळू नका, डासही तेव्हाच निघतात. सनस्क्रीन निघण्याआधी खोलीतच लावा, दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा.

पहिल्या दिवशी पाण्यात नेऊ नका. गोदावरीच्या घाटावर किंवा नाथसागराच्या काठाला पाणी जिथं आहे तिथंच राहतं, म्हणून आपल्याला काठावर निर्धास्त बसायची सवय असते. समुद्राचं पाणी चालून येतं आणि जाताना पायाखालची वाळू घेऊन जातं. आमची मुलगी पहिल्या लाटेला हसली आणि दुसरी लाट परत जाताना टाचा खाली गेल्या तशी किंचाळून बापाच्या कमरेला चिकटली. त्या दिवशी आम्ही लाटेपासून दहा पावलं मागं ओल्या वाळूत खड्डा केला, बादलीनं त्यात पाणी आणलं. तिसऱ्या दिवशी ती आपणहून बाबाचा हात धरून पुढं गेली. बाळ तर पाचही दिवस त्या खड्ड्यातच रमलं.

वाळूचा खड्डा लेकराच्या गुडघ्याहून खोल नको, कडा ढासळतात.

पाण्याजवळचे नियम, न मोडण्याचे:

1. एका मुलामागं एक मोठं माणूस, हात लांब केला की लागेल एवढ्या अंतरावर. राखणारा बदलला की तोंडानं सांगायचं: ‘आता तू बघतेस.’ ‘हो, मी बघतेय.’ दोघांना दुसरा बघतोय असं वाटतं, तेव्हाच अपघात होतात.
2. लाल झेंडा असेल तर घोट्याएवढ्याही पाण्यात नाही. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधली जागा जीवरक्षकांची असते, तिथंच उतरायचं.
3. दंडातले फुगे आणि टायर ही खेळणी आहेत, जीव वाचवायची साधनं नाहीत.
4. मोबाइल पिशवीत. फोटो काढायचा तर लेकरू कोरड्या वाळूवर असताना.
5. भटक्या कुत्र्यांना हात लावू द्यायचा नाही. ओरखडा निघाला तरी साबणानं पंधरा मिनिटं धुवून त्याच दिवशी दवाखाना.

वाळू तोंडात गेली तर ओल्या फडक्यानं पुसा, घाबरू नका. डोळ्यांत गेली तर चोळू न देता स्वच्छ पाणी सोडा. अंगाला चिकटलेली वाळू टॉवेलनं खरवडली की बाळ लाल होतं. अंग थोडं वाळू द्या, मग तळहातावर कॉर्नफ्लोअर घेऊन हलका हात फिरवा, वाळू आपोआप गळून पडते. अंगाला लावायची पावडर नको, ती बाळाच्या श्वासात जाते.

## टप्पा ९: बरं नसेल तर

सहा तासांत डायपर ओलं झालं नाही, डोळे खोल गेले, बाळ मलूल पडलं, दूध घेईना, यातलं एक जरी दिसलं तरी वाट बघू नका. श्रीलंकेत १९९० या नंबरवर मोफत रुग्णवाहिका मिळते. जुलाबाला ओआरएस द्या, पाकीट एक लिटरचं आहे की २०० मिलीचं ते वाचून तेवढ्याच पाण्यात घोळवा. अर्धं पाकीट अंदाजानं पेल्यात टाकणं धोक्याचं.

तापाला फक्त पॅरासिटामॉल. तिकडे डेंग्यू असतो आणि डेंग्यूत आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिननं रक्तस्राव वाढू शकतो.

## टप्पा १०: परत आल्यावर

शेवटच्या सकाळी किनाऱ्यावर जाऊ नका, ओले कपडे आणि वाळू भरलेली बॅग घेऊन दोन दिवसांचा प्रवास होतो. मुंबईत पुन्हा एक रात्र काढायची तयारी ठेवा, निदान बाळासाठी.

घरी आल्यावर दोन आठवडे लक्ष असू द्या. डेंग्यूचा ताप डास चावल्यावर चार ते दहा दिवसांनी येतो, म्हणजे बॅगा माळ्यावर गेल्यानंतर. ताप आला तर डॉक्टरांसमोर बसल्या बसल्या पहिल्याच वाक्यात सांगा, आम्ही अमुक तारखेला श्रीलंकेहून आलो. रक्ताची कोणती तपासणी लिहायची हे त्यावरूनच ठरतं.